व्याध मोठा की अगस्ती? आणि ५० लाख सूर्यांएवढा तारा खरंच असतो का?

औसेकर शेतकरी
११ फेब्रुवारी, सकाळी ८.२०

राम राम मंडळी. मी औसा तालुक्यातला. दोन एकर ऊस, बाकी सोयाबीन आणि तूर. या आठवड्यात आमच्याकडं शेतीची लाईट रातची आहे, दहाला येते ती सकाळी सहाला जाते. त्यामुळं रोज रात्री उसात दारं धरायलोय. एक सरी भरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ बांधावर खोरं टेकवून बसायचं आणि वर बघायचं.

परवा पोरगी हट्टानं सोबत आली, आठवीत आहे. दहाच्या सुमाराला आमच्या विहिरीच्या दक्षिणेला व्याध चांगला वर असतो आणि त्याच्या सरळ खाली, लिंबाच्या शेंड्याला टेकल्यासारखा अगस्ती. तिनं विचारलं, पप्पा, या दोघांत मोठा कोणता? मी म्हणलं व्याध, दिसायलाच दुप्पट आहे की. तर ती म्हणली, मोबाईलवर वाचलं की सूर्याच्या ५० लाख पट उजेडाचा तारा असतोय. मग तो का दिसत नाही? तो तर दिवसासुद्धा दिसायला पाहिजे.

मला उत्तर देता आलं नाही, आणि आता माझ्याच डोक्यातून ते जात नाही. मोटार किती एचपीची हे तिच्यावरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. ताऱ्याला कुठली पट्टी? एवढ्या लांबच्या दिव्याचा उजेड मोजला कुणी आणि कसा? की नुसता अंदाज सांगायलेत? जाणकारांनी समजेल असं सांगावं, पोरीला वाचून दाखवणार आहे.


परभणीकर
११ फेब्रुवारी, सकाळी ९.०५

व्याधच. प्रत उणे १.४६ (प्रत म्हणजे तारा किती ठळक दिसतो त्याचा आकडा, जितका कमी तितका तारा ठळक). रात्रीच्या आभाळात त्याच्यापेक्षा तेजस्वी तारा नाही. शुक्र आणि गुरू जास्त चमकतात, पण ते ग्रह. तुम्ही पोरीला बरोबर सांगितलं.


किल्लारीची बाई
११ फेब्रुवारी, रात्री १०.४०

दादा, तुमच्या लेकीनं विचारला तोच प्रश्न मी विचारला होता, आणि याच दोन ताऱ्यांवरून.

१९९३ चा ऑक्टोबर होता. भूकंपाला तीन आठवडे झाले होते, मी सातवीत होते. ज्यांची घरं उभी होती तेसुद्धा भिंतीजवळ झोपत नव्हते. सगळं गाव उघड्यावर. भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला होता, म्हणून चारच्या आसपास मोठी माणसं आपोआप जागी व्हायची. कोणी कोणाशी बोलायचं नाही. मी आजोबांच्या घोंगडीत पडून वर बघायचे. डोक्यावर मृग, दक्षिणेकडं व्याध आणि त्याच्या खाली अगस्ती. एका पहाटे विचारलं, यातला मोठा कोण? आजोबा म्हणाले, गुरुजींना विचार.

शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायला लागली होती. गुरुजींनी तोंडी उत्तर दिलंच नाही. अंधार पडल्यावर आम्हाला शेडपुढं बसवलं. वात बारीक केलेला एक कंदील दहा पावलांवर ठेवला. मदतीत आलेली गॅसबत्ती दोन मोठ्या पोरांच्या हाती दिली आणि त्यांना ओढ्यापलीकडं पाठवलं. कंदील ठळक दिसत होता आणि गॅसबत्ती कपाळावरच्या टिकलीएवढी. गुरुजींनी विचारलं, उजेड कोणाचा जास्त? आम्ही सगळे ओरडलो, कंदिलाचा. मग त्यांनी शिट्टी वाजवली आणि ती पोरं चालत यायला लागली. टिकलीचा दिवा झाला, मग बाभळीच्या सावल्या पडायला लागल्या, आणि पोरं शेडपाशी आली तेव्हा आम्ही डोळ्यांवर हात घेतले होते. कंदील पेटलेला आहे की विझला, तेही कळेना.

आज मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते. ती संध्याकाळ मला मिळाली नसती तर हा विषय मी हातात धरला असता असं वाटत नाही.

तर दादा, परभणीकरांचं उत्तर दिसण्यापुरतं बरोबर आहे. व्याध अगस्तीच्या जवळजवळ दुप्पट तेजस्वी दिसतो. पण व्याध आहे ८.६ प्रकाशवर्षांवर (उजेड एका वर्षात जेवढा लांब जातो ते एक प्रकाशवर्ष), म्हणजे अगदी शेजारी, आणि त्याचा खरा उजेड सुमारे २५ सूर्यांएवढा. अगस्ती आहे सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर आणि त्याचा उजेड १०,००० सूर्यांहून जास्त. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, तिप्पट झालं की नववा हिस्सा. अगस्ती व्याधापेक्षा ३६ पट लांब आहे. व्याध उचलून तिथं ठेवला तर तो आत्ताच्या तेराशेव्या हिश्शाएवढा दिसेल, म्हणजे तुमच्या बांधावरून बॅटरी बंद करून बघितलं तरी दिसला तर दिसला. तुमच्या लिंबावरचा तो बारीक तारा म्हणजे गॅसबत्ती आहे.

तुमच्या उसावर त्याहून मोठे दिवेही रोज येतात. मृगाच्या पायाशी निळसर राजन्य आहे, ८६० प्रकाशवर्षांच्या आसपास, उजेड लाखभर सूर्यांचा. आणि मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण बघा, त्यातला मधला. तो जवळजवळ २,००० प्रकाशवर्षांवर असूनही इतका ठळक दिसतो, कारण त्याचा उजेड काही लाख सूर्यांचा आहे. लेकीला तो आधी दाखवा. लोक राजन्य आणि काक्षी बघून पुढं जातात, त्या मधल्याकडं कोणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता ५० लाखवाला. त्याचं नाव आर-१३६-ए-१. तो आपल्या आकाशगंगेत नाहीच. शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, मोठ्या मॅजेलानी मेघात आहे, १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर. तिथं टॅरँटुला नावाचा प्रचंड तेजोमेघ आहे, त्याच्या मधोमध जड ताऱ्यांची दाटी आहे आणि त्या दाटीत हा. आपल्या लातूर-धाराशिवकडून तो भाग क्षितिजाच्या फार तर दोन-अडीच अंश वर येतो, म्हणजे उसाच्या तुऱ्यांच्या आडच राहतो. अगदी दक्षिण गोलार्धात जाऊन उभं राहिलं तरी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याच्याही शेकडो पट फिका आहे. एक कारण अंतर. दुसरं असं की तो इतका तापलेला आहे की त्याचा बहुतेक उजेड अतिनील आहे, डोळ्याला न दिसणारा.

पट्टी कुठली, हे तुम्ही विचारलंत. पट्टी त्याच्या रंगात आहे. लोहाराच्या भट्टीत फाळ घातला की आधी लाल होतो, मग पिवळा, मग पांढरा. लोहार हात न लावता रंगावरून ताप ओळखतो. ताऱ्याचंही तसंच, फक्त रंगाऐवजी त्याचा सगळा वर्णपट, म्हणजे उजेड फोडून निघणारे सगळे रंग, तपासतात. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्व्हिन, या ताऱ्याचा सुमारे ४६,०००. म्हणजे आठपट. ताप आठपट झाला की प्रत्येक चौरस फुटातून निघणारा उजेड आठपट होत नाही. आठ गुणिले आठ गुणिले आठ गुणिले आठ पट होतो. त्यात हा तारा सूर्यापेक्षा ४० पट रुंद, म्हणजे त्याचा पृष्ठभाग ४० गुणिले ४० पट. आता लेकीला वही घेऊन बसवा आणि हे दोन आकडे एकमेकांनी गुणायला सांगा. उत्तर मी लिहीत नाही.

रुंदी कशी कळली, हेही विचाराल. इथं पोचणारा उजेड मोजला, अंतर माहीत आहे, ताप माहीत आहे, म्हणजे तेवढा उजेड पडायला तारा किती रुंद लागेल ते निघतं. अंतरावर सगळं टेकलेलं आहे. मॅजेलानी मेघाचं अंतर एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या जोडताऱ्यांवरून टक्काभराच्या चुकीइतकं नेमकं काढलेलं आहे. तेव्हा हा नुसता अंदाज नाही. पण शेवटचा आकडा अजून हलतो, तेही खरं. २०१० साली या ताऱ्याचं वजन २६५ सूर्यांचं आणि उजेड ८७ लाख सूर्यांचा काढला होता. २०२२ मध्ये चिलीतल्या जेमिनी दुर्बिणीतून त्या दाटीचा जास्त स्वच्छ फोटो घेतला तेव्हा वजन २०० सूर्यांच्या आसपास आलं. उजेडाचे आकडे हल्ली ५० लाखांपासून ७० लाखांच्या थोडं पुढंपर्यंत सांगतात. १९८० च्या आसपास तर ती अख्खी दाटी म्हणजे एकच तारा, हजार-दोन हजार सूर्यांच्या वजनाचा, असं कित्येकांना वाटायचं. १९८५ साली नव्या पद्धतीनं बघितलं तेव्हा तो एक तारा फुटून अनेक निघाले. तुमच्या शेतातून साखर कारखान्याचा उजेड लांबून एकच गोळा दिसत असेल. जवळ गेल्यावर दिवे मोजता येतात. तसंच झालं.


औसेकर शेतकरी
१२ फेब्रुवारी, दुपारी १.१५

बाई, नमस्कार. सकाळी पोरीनं चुलीपुढं बसून गुणाकार केला. ४,०९६ गुणिले १,६००. उत्तर आलं ६५ लाख ५३ हजार ६००. तिनं दोनदा करून बघितला, मग मला करायला लावला. एवढ्या लांबच्या ताऱ्याचा हिशोब आमच्या घरात वहीवर बसतोय, हे मला अजून खरं वाटंना.

किल्लारीचं वाचून आमची आई बराच वेळ गप्प बसली. आम्ही पण तेव्हा बाहेरच झोपायचो. मी सहा वर्षांचा होतो, मला आभाळ आठवत नाही, फक्त थंडी आठवते.

अजून एक शंका. हा तारा सूर्याच्या २०० पट वजनाचा, म्हणजे जळण २०० पट. मग तो सूर्यापेक्षा २०० पट जास्त दिवस चालायला पाहिजे ना? पोरगी म्हणती, नाही. कोण बरोबर?


किल्लारीची बाई
१२ फेब्रुवारी, रात्री ९.३०

लेक बरोबर. विहीर मोठी आहे, पण मोटार केवढी बसवली आहे ते बघा.

जळण २०० पट, पण जळण्याचा वेग ६० लाख पट धरा. भागाकार केला तर त्याचं आयुष्य सूर्याच्या तीस हजाराव्या हिश्शाएवढं येतं. सूर्याचं आयुष्य सुमारे १,००० कोटी वर्षं, म्हणजे याचं तीन-साडेतीन लाख वर्षं. प्रत्यक्षात ते वीस-तीस लाख वर्षं निघतं, आणि त्यालाही कारण आहे. सूर्य फक्त गाभ्यातलं जळण वापरतो, बाहेरचं तसंच राहतं. हे जड तारे आतून ताक घुसळल्यासारखे ढवळलेले असतात, त्यामुळं बाहेरचं जळणही आत उतरतं. तरी वीस-तीस लाख वर्षं म्हणजे फार थोडी. हा तारा पेटला तेव्हा आपला बालाघाट आणि हा काळा कातळ आजच्यासारखाच उभा होता. दख्खनचा तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

उजेड आणखी वाढला तर? तिथं एक मर्यादा येते. उजेडालाही रेटा असतो. उन्हात उभं राहून आपल्याला तो जाणवत नाही, पण या ताऱ्यांवर तो इतका होतो की ताऱ्याची बाहेरची साल उडून जायला लागते. ताऱ्याचं स्वतःचं गुरुत्व जेवढं धरून ठेवतं जवळजवळ तेवढ्याच जोरानं उजेड बाहेर ढकलतो. म्हणून हे तारे जन्मल्यापासून वजन गमावत असतात. सर्वात तेजस्वी ताऱ्यांचा आकडा कित्येक कोटींत न जाता इथंच कुठंतरी थांबतो, तो यामुळं.

आणि सूर्य एका वर्षात जेवढा उजेड देतो तेवढा हा पाच-सहा सेकंदांत देतो. तुमची एक सरी भरेपर्यंत त्यानं सूर्याचं दीड-दोनशे वर्षांचं काम केलेलं असतं.

आता खरं सांगायचं ते. आर-१३६ तुम्हाला दिसणार नाही, पण त्याच्या तोडीचा एक तारा आपल्या मराठवाड्यातून दिसतो. ईटा कॅरिनी. आपल्याच आकाशगंगेत, साडेसात हजार प्रकाशवर्षांवर. खरं तर ते दोन तारे आहेत, साडेपाच वर्षांत एकमेकांभोवती फिरतात, आणि मोठ्याचा उजेड ५० लाख सूर्यांच्या आसपास. १८३७ साली तो अचानक वाढायला लागला आणि मार्च १८४३ मध्ये आभाळातला व्याधाखालोखाल दुसरा तेजस्वी तारा झाला. अगस्तीलाही त्यानं मागं टाकलं होतं. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या उन्हाळ्यात रात्री खळ्यावर झोपलेल्या माणसाला दक्षिणेकडं खाली तो नक्की दिसला असणार. पुढं तो विझत गेला. त्या उद्रेकात त्यानं दहा सूर्यांहून जास्त वजन बाहेर फेकलं. आज चौथ्या प्रतीच्या आसपास आहे.

एप्रिलच्या मध्यात, अमावस्येच्या जवळची रात्र धरा. साडेनऊला दक्षिण मोकळी असलेल्या माळावर जा. दक्षिणेच्या थोडं डावीकडं त्रिशंकू दिसेल, चार ताऱ्यांचा छोटा पतंग. हात लांब करून मूठ धरा, त्रिशंकूपासून उजवीकडं दीड मूठ, आणि क्षितिजापासून एक मूठ नि दोन बोटं वर. अजून उजवीकडं गेलात तर तसाच एक मोठा, फिका पतंग आहे. तो फसवा. त्याला खरा त्रिशंकू समजून मी स्वतः दोन वर्षं भलतीकडं शोधत होते. दुर्बीण मिळाली तर जरूर न्या, साधी दोन डोळ्यांची चालते. तिथं आभाळाला धूसर डाग दिसेल, आणि त्यात तो.


औंढ्याजवळून
१३ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

बाईंनी इतकं लिहिलं आहे की फक्त पुढचं जोडतो. असे जड तारे संपल्यावर त्यांतून कृष्णविवरं होतात. तशी दोन कृष्णविवरं, एक ३६ सूर्यांचं आणि एक २९ सूर्यांचं, एकमेकांवर आदळली आणि त्यांची थरथर १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो यंत्रांना, म्हणजे गुरुत्वलहरी टिपणाऱ्या यंत्रांना, कळली. ३६ आणि २९ मिळून ६५ व्हायला पाहिजेत, झाले ६२. तीन सूर्यांचं वजन सेकंदाच्या काही हिश्शांत ऊर्जा होऊन निघून गेलं. त्या एका क्षणी तिची ताकद दिसणाऱ्या विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्र उजेडापेक्षा जास्त होती, आणि त्यात उजेडाचा कण नव्हता.

तसंच यंत्र आता आमच्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होणार आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. औसेकर दादा, पोरगी आठवीत आहे म्हणता. तिला तिकडं आणा, आमच्याकडं मुक्कामाला या.


औसेकर शेतकरी
१८ एप्रिल, सकाळी ६.४५

बाई, दिसला.

दोनदा हुकला. पहिल्यांदा ढग आले, दुसऱ्यांदा शेजारच्या गावात लग्नाचे फोकस होते. काल मात्र सांजच्याला वारा पडला आणि धूळ बसली. पोरीच्या मामाकडनं दुर्बीण आणली होती. वस्तीमागच्या माळावर गेलो, तिथून दक्षिणेकडं एकही दिवा नाही, नुसता उतार.

त्रिशंकू लगेच सापडला. तुम्ही सांगितलेला फसवा पतंगही सापडला, पोरीनंच ओळखला, म्हणली हा मोठा आहे, हा नाही. मग मूठ मोजत मोजत आलो. नुसत्या डोळ्यांना काही नाही. दुर्बीण लावली, कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि हात स्थिर झाल्यावर दिसलं. पाटीवरचा खडू ओल्या बोटानं पुसल्यावर राहतो ना, तसला पांढुरका डाग. त्याच्यात एक तारा, बाकीच्यांपेक्षा जरा तांबूस. दम धरून बघितलं तर डागाच्या मधून एक काळी रेघ गेल्यासारखी वाटली. पोरीला विचारलं, तिनं वहीत काढलेल्या चित्रात पण ती रेघ होती, मी काही सांगायच्या आधी.

तिनं हिशोब मांडला, की हा उजेड निघाला तेव्हा आपल्याकडं शेतीसुद्धा नुकतीच कुठं कुठं सुरू झाली असेल. तिथंच दगडावर बसून वहीत बॅटरीच्या उजेडात ५०,००,००० लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

तेवढ्यात खाली विहिरीवर ऑटो लागला आणि मोटार सुरू झाली. दहा वाजले होते. मी म्हणलं चल, पाणी सुटलं. ती म्हणली, पप्पा, एकदाच अजून, आणि दुर्बीण परत डोळ्याला लावली. आम्ही उसात पोचलो तेव्हा पहिली सरी भरून पाणी दुसरीत गेलं होतं.

औंढ्याच्या भाऊंना सांगतो, शाळेला सुट्टी लागली की येतो.